तुझं माहेर मी सांगितलं

साहेबांनी विचारलं, "या बाईंचं माहेर कुठलं?" आणि तू माझ्याकडं पाहिलंस.

तू घाबरली असतीस तर मला आज थोडं बरं वाटलं असतं. तू निवांत पाहिलंस. चुलीपाशी बसलेली जाऊ दुसऱ्या जावेकडं पाहते, मिठाचा डबा तिच्या हाताशी असतो म्हणून, तसं. मी घरातली मोठी. मी सांगेन आणि काम पुढं सरकेल, एवढंच तुझ्या नजरेत होतं.

मी म्हणाले, "तिकडचं. बऱ्हाणपूरकडचं. बाप तिकडचा, जलम तिकडचा. लगन बी तिकडंच लागलं, मी स्वता गेली होती."

साहेब म्हणाले, "लिहून देता का?"

मी हो म्हणाले. चौथी शिकलेली आहे मी. दोन ओळी लिहिल्या आणि खाली नाव घातलं, गयाबाई. अक्षर चांगलं आलं.

शेवंता, त्या दोन ओळींत एक शब्द खोटा नव्हता. पण तू सहा वर्षांची असताना तुझी आई गेली आणि मामानं तुला हद्दीच्या अलीकडं, वरवट बकालला आणून वाढवलं, हेही खरं होतं. पहिली ते चौथी तू वरवटला शिकलीस, मग बापाकडं परत गेलीस. त्या शाळेचा कागद जोडूनच तुझा जातीचा दाखला इकडच्या कचेरीतून निघाला होता. तो काढायला तुझ्यासोबत मी आले होते. त्या दिवशीही कागदाची घडी माझ्याच पिशवीत होती. मी 'वरवट' म्हटलं असतं तरी खरंच बोलले असते. दोन खऱ्या गोष्टी माझ्याजवळ होत्या आणि तुला बुडवणारी मी उचलली.

हे विहारात वाचलं जाणार आहे. ऐकणाऱ्यांत नवीन पोरीही असतील, त्यांना मागचं ठाऊक नाही. म्हणून तुला माहीत असलेलंही मी सांगते. रागावू नको. तू रागावत नव्हतीसच, तीच तुझी खोड होती.

त्या वर्षी आपल्या गावचं सरपंचपद आपल्या समाजाच्या बाईसाठी राखीव निघालं. फॉर्म भरून झाले होते आणि तालुक्याच्या कचेरीत छाननी होती. दुसऱ्या पॅनेलचा माणूस उठून म्हणाला, ही बाई दुसऱ्या राज्यातली आहे, इथला दाखला हिला चालत नाही. त्याच्याजवळ कागद काही नव्हता, नुसतं ऐकलेलं होतं. साहेबांनी विचारलं, सासरचं कुणी मोठं माणूस आलंय का? मी हात वर केला. बाकीचं वर सांगितलं आहे.

मग साहेबांनी समजावून सांगितलं. चांगला माणूस होता, आवाज चढवला नाही. म्हणाला, जातींची यादी दिल्लीहून निघते, पण प्रत्येक राज्याची वेगळी निघते. बाई लग्न होऊन दुसऱ्या राज्यात आली, तरी तिची सवलत बापाच्या राज्यातच राहते. "दाखला इथल्या कचेरीचा आहे, तो मी आज खोटा म्हणू शकत नाही. फॉर्म मंजूर करतो. पण आजींचा हा कागद फाईलला राहील. तुम्ही निवडून आलात तर पुढं पडताळणी आहे. तिथं हा कागद निघेल आणि पद जाईल. पद गेलं की पुन्हा निवडणूक. विचार करा."

तू म्हणालीस, "बरं साहेब." आणि मला म्हणालीस, "चला बाई, एसटी जाईल."

एसटीत तू खिडकीशी बसलीस. मी शेजारी. जळगाव जामोदपासून आपल्या फाट्यापर्यंत काय बोललो, सगळं आठवतं, कारण फार कमी बोललो.

"शेवंते, खरं तेच सांगतलं म्या."

"हाव बाई. खोटं कोठी म्हणून राह्यली मी."

"मंग तोंड काऊन पाडलं?"

"पाय दुखून राह्यले." थोड्या वेळानं तू बाहेर बघतच म्हणालीस, "इकडं आली तवा जात आली माह्या संगं. हद्दीवर कोनी थांबवली नाही तिले. दाखला तेवढा मांगं राह्यला."

वाटेत कुणीतरी चढलं, त्याला जागा द्यायला मी सरकले.

तू या गावात आलीस तेव्हा बायका तुला 'एमपीवाली' म्हणायच्या. सुरुवात मीच केली होती. तुझा नवरा, नामदेव भाऊजी, माझे चुलत दीर, घर भिंतीला भिंत. तुझं रेशनकार्डावर नाव चढेना. इथला बाबू म्हणायचा, तिकडं नाव कमी झाल्याचा दाखला आणा. तिकडचा म्हणायचा, नाव कधीच कमी केलं, पण दाखला हवा तर तिकडं चढणार असल्याचं पत्र आणा. दोन वर्षं तू कुणाच्याच कार्डावर नव्हतीस. एक सरकार म्हणे ही गेली, दुसरं म्हणे अजून आली नाही, आणि तू रोज माझ्यासमोर भाकरी थापत बसलेली असायचीस. त्या दोन वर्षांत मी तुला माझ्या कार्डावरची साखर दिली, रॉकेल दिलं. दिलं ते दिलं, पण बोलूनही दाखवलं. विहिरीवर चार बायकांत म्हटलं, "आमच्या एमपीवालीले सरकारच नाही, मीच तिचं सरकार." सगळ्या हसल्या. तूही हसलीस. तेव्हा वाटलं, पोरगी चांगली आहे, मनावर घेत नाही. आता वाटतं, घेत असशील. कुठं ठेवत होतीस कोण जाणे.

पण त्या दोन वर्षांनी तुला शिकवलं. दोन राज्यांच्या कचेऱ्यांत बसून बसून कोणतं काम कोणाच्या हातात आहे हे तुला कळलं. आम्हाला कधी कळलं नव्हतं. आमच्या लेखी सरकार म्हणजे सरकार. पाऊस येतो तसं कधी यायचं, कधी नाही.

यावर आपलं भांडण व्हायचं, आठवतं? कापूस वेचताना व्हायचं, शेंगा फोडताना व्हायचं.

"सरकार एकच असते, शेवंते. मले नको शिकवू."

"एक नसते बाई. आपल्या घरासारखं असते. वावर एक अन् चुली तीन. दाणे मोठ्या चुलीपाशी, सरपन मधल्या चुलीपाशी, अन् तवा धाकटीच्या घरी. भाकर पाह्यजे तं तिन्ही दारं फिरा लागते."

"अन् धाकटी तवा देत नसंल तं?"

"तं मोठी म्हणते, म्या दाणे देल्ले, आता माह्यावर बोट नको. मधली म्हणते, सरपन देल्लं. धाकटी म्हणते, तवा गरमच हाय, पीठ कोठी हाय? अन् पोरं उपाशी."

मी म्हणायचे, मग एकच चूल करावी, एका दमात भाकर होईल. तू म्हणायचीस, "एकच चूल असती तं तुमीच बसल्या असत्या तिच्यापाशी, अन् मले भाकर कधी भेटली असती?" मला राग यायचा. हे भांडण कधी मिटलं नाही. आता मिटायचं नाही. तुझं बरोबर होतं की माझं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. पण एका चुलीपाशी मी बसले तर काय होतं, ते मी त्या टेबलापाशी दाखवून दिलं.

पाण्याच्या टाकीवरून तुझं म्हणणं मला पटायला लागलं होतं. कबूल केलं नाही, एवढंच. टाकी उभी राहिली, रंग लागला, घरोघर नळाच्या तोट्या बसल्या, आणि पाणी नाही. मी म्हणाले, सरकारनं फसवलं. तू पदर खोचून चौकशीला निघालीस. एकेक ठिकाणचं येऊन सांगायचीस. पैसा निम्मा दिल्लीचा आणि निम्मा राज्याचा, तो येऊन गेला. काम जिल्ह्याचं, ते म्हणतात आम्ही पाईप टाकला. जागा पंचायतीची, ती देऊन झाली. मग अडलं कुठं? डोंगराच्या पायथ्याशी विहीर, विहिरीपासून गावापर्यंत पाईप, आणि मधे थोडीशी पट्टी जंगलखात्याची. तिथं पाईप थांबला. जंगलाची जमीन खोदायची तर परवानगी वर जाते, आणि वर गेलेली लवकर खाली येत नाही. पाचशे पावलांसाठी सगळं गाव कोरडं.

प्रत्येक कचेरीत तुला आधी एकच विचारायचे. तुम्ही कोण? सरपंच कुठं आहेत? त्यांच्या सहीचं पत्र आणलंय का? तेव्हाचा सरपंच सही करायला आठ दिवस लावायचा आणि चूक काढून पुन्हा आठ दिवस. एकदा तू बुलढाण्याहून आलीस, ओट्यावर बसलीस, चपला काढल्या आणि म्हणालीस, "बाई, मले खुर्ची नको. हार नको. मले निस्ती सही पाह्यजे. दुसऱ्याच्या सहीसाठी किती दिवस दारात उभं राहू?"

तुला जे हवं होतं ते एवढंच होतं. मला ते माहीत होतं. माहीत असून मी ते केलं.

का केलं, ते लिहिते. लोक म्हणतात, पोरानं पढवलं. विलासनं मला एका शब्दानं पढवलं नव्हतं. आरक्षण निघालं त्या आठवड्यात विहारात बैठक झाली. बावीस घरं. कुणीतरी म्हणालं, "शेवंताबाई," आणि सगळे म्हणाले, "हाव, शेवंताबाईच." पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. माझ्याकडं कुणी वळून पाहिलंही नाही. मला उभं राहायचं नव्हतं. गुडघे गेलेत, कचेरीचे जिने मला चढवत नाहीत. पण त्या बावीस घरांत वयानं मोठी मी. नवऱ्यामागं दोन पोरं वाढवली, विहाराच्या पायाचे दगड डोक्यावर वाहिले. एकदा तोंडदेखलं तरी विचारायचं. मी नाही म्हटलं असतं, मग तुझं नाव घ्यायचं. तसं झालं असतं तर मी तुझ्यासाठी घरोघर फिरले असते. एवढ्याशा गोष्टीवरून माणूस केवढं करतो, हे मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी लिहावं लागतं आहे.

आणि माझ्या हाती हत्यार तूच दिलंस. बैठकीत तूच म्हणालीस, "मायाचा बी फॉर्म भरा. डमी. माहा कागद कोठी अडला तं आपली जागा जायाले नको." निवडणुकीत असं करतात. मुख्य उमेदवारामागं घरातलाच एक डमी उभा करतात, मुख्याचा फॉर्म टिकला की डमी माघार घेतो. माया माझी सून, विलासची बायको. तू तिला खांद्यावर हात ठेवून सही कुठं करायची ते दाखवलंस. ती म्हणाली, "काकू, मले भेव लागते." तू म्हणालीस, "काऊन भेते? तू निस्ती सावली हायेस, ऊन मी खातो."

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक बारीक किडा शिरला. सरपंचाची जाऊ, की सरपंचाची सासू.

छाननीनंतर तिसऱ्या दिवशी तू एकटीच तालुक्याला गेलीस आणि माघार घेऊन आलीस. भाऊजी म्हणाले, लढू, वकील पाहू. तू म्हणालीस, "मी निवडून आली अन् मंग गेली, तं गावाचं पानी आनखी दोन वर्षं मांगं जाईन. माया हाय ना." विलास तुझ्या पाया पडला. मी दारात उभी होते. तू माझ्याजवळून जाताना म्हणालीस, "झालं बाई," जसं दळण झालं म्हणतात तसं.

माया निवडून आली. तिच्यासाठी तूच घरोघर फिरलीस. गुलाल पडला, मलाही लावला. लोक म्हणाले, "सरपंचाची सासूबाई, पेढे खाऊ घाला." मी खाऊ घातले. खरं सांगते, त्या दिवशी मला लाज वाटली नाही. आनंदच झाला होता. लाज नंतर आली.

माया गुणाची आहे, पण तेव्हा कचेरीत गेली की तिची जीभ टाळूला चिकटायची. पहिल्या बैठकीहून रडत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तू दारात हजर. "चाल वं, पदर नीट घे. बोलाचं तू, काय बोलाचं ते मी सांगतो." तेव्हापासून दोघींची जोडी झाली. कचेरीत विचारायचे, सरपंच कोण? माया म्हणायची, मी. आणि या कोण? तू म्हणायचीस, "मी संगं आली." एवढी वर्षं फिरून शेवटी तुझी ओळख ती झाली. संगं आली.

आणि पाण्याचा मार्ग तू कुठून काढलास? तिकडून. हे मला सगळ्यात जास्त लागतं. तू भावाकडं राखीला गेलीस. त्याच्या गावातही जंगलाच्या पट्टीत पाईप अडला होता आणि सुटला होता. कसा सुटला, ते विचारून आलीस. आल्या पावली ओट्यावर बसून आम्हाला सांगितलंस. जंगलाच्या हक्काचा कायदा दिल्लीचा आहे, दोन्ही राज्यांना सारखाच. त्यात लिहिलं आहे की पिण्याच्या पाण्याची पाईपलाईन असेल आणि जागा थोडी असेल, तर गावाच्या ग्रामसभेनं ठराव करायचा, आणि त्यावर जिल्ह्याचे जंगलसाहेबच परवानगी देऊ शकतात. वरपर्यंत जायला नको.

विलास म्हणाला, "काकू, एवढं सोपं होतं तं इतके दिवस कोनी सांगतलं काऊन नाही?"

तू म्हणालीस, "बापा, मोठ्या चुलीनं चावी धाकटीच्या हाती देल्ली होती. धाकटी झोपली होती."

त्या ग्रामसभेला निम्मं गाव हजर हवं, आणि त्यात बायका पुरेशा हव्यात. आपल्या गावात ग्रामसभेला पंधरा माणसं येतात, त्यातली चार चहासाठी. तू पाटलांच्या आळीपासून आदिवासी वस्तीपर्यंत दारोदार गेलीस. मोठ्या घरच्या एका बाईनं तुला उंबऱ्याबाहेरच उभं ठेवलं. तू बाहेरूनच म्हणालीस, "ताई, पानी तुमच्या बी तोटीले येईन. सभेले या, मंग मले आत नका घेऊ." ती आली. तिच्यामागं तिची आळी आली. ठराव तू लिहिलास, वाचला मायानं, सही मायाची. शाळेचं पटांगण भरलं होतं. तू सगळ्यात मागं उभी राहून हात वर झालेले मोजत होतीस.

पाणी आलं. पाटी लागली, तिच्यावर मायाचं नाव. कार्यक्रमाला पुढाऱ्यांनी भाषणं केली. एक म्हणाला, दिल्लीनं पाणी दिलं. दुसरा म्हणाला, राज्यानं दिलं. तू माझ्या कानात म्हणालीस, "पाहा बाई, कोरडं होतं तवा कोनाचंच नव्हतं." मी हसले. त्याच वेळी सांगायला हवं होतं, शेवंता, माझी चूक झाली. तोंड उघडलंसुद्धा होतं. तेवढ्यात टाळ्या वाजल्या आणि तू टाळ्या वाजवायला लागलीस.

दुसरी संधीही आली होती. नातवाच्या जातपडताळणीसाठी विलासनं जुन्या शाळेतून माझ्या नवऱ्याच्या नावाचा दाखल-खारीजचा, म्हणजे शाळेत नाव घातल्या-काढल्याच्या नोंदीचा, उतारा आणला. त्यावर वरती छापलेलं होतं, मध्यप्रदेश. जिल्हा बुलढाणा. मी तीनदा वाचलं. मग गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, आजी, भाषेवरून राज्यं पडली त्याच्या आधी आपला जिल्हा त्याच राज्यात होता, राजधानी नागपूर. म्हणजे तुझ्या बापाचं गाव आणि माझ्या सासऱ्यांचं गाव एकाच राज्यात होतं. माणसं जागेवरच राहिली, हद्द मधून गेली. हा मुद्दा त्या टेबलावर मांडला असता तर टिकला असता की नाही, मला कळत नाही. मांडायला तिथं कुणी नव्हतं. जी होती तिनं दुसरंच लिहून दिलं.

मी तो कागद तुला दाखवायला आणला. तू वाचलास आणि इतकी हसलीस की खोकला लागला. "म्हंजे तुमी बी एमपीवाल्या, बाई. मी उगीच एवढी वर्षं एकटी ऐकून घेतलं." मीही हसले. तू डोळे पुसलेस. माझ्याकडं बघून म्हणालीस, "काही म्हणत होत्या काय?"

मी म्हणाले, "नाही. चहा ठेव."

तू चहा ठेवलास.

तुला ठाऊक होतं की मी ते मुद्दाम केलं, हे मला माहीत आहे. वरवटचा कागद माझ्याच पिशवीत होता, तू विसरली नसशील. तू मला बोलली असतीस, शिवी दिली असतीस, भिंत घातली असतीस, तर आपला हिशेब फिटला असता. तू तसं केलं नाहीस. लोक याला मोठेपणा म्हणतात. मी तुझ्यावर रागावते कधीकधी. तुझ्या मोठेपणानं माझी बोलायची जागाच उरली नाही. पण हेही मी तुझ्यावरच ढकलते आहे. जागा होती. तू स्वतः विचारलं होतंस. मी चहा मागितला.

तू गेलीस तेव्हा मी घरी होते, भिंतीपलीकडं. मायानं येऊन सांगितलं. तुला न्हाऊ घालताना माझ्या लक्षात आलं की तुझे तळपाय माझ्यापेक्षाही फाटलेले आहेत, आणि मी तर अठरा वर्षांनी मोठी. जलदान विधीच्या दिवशी सगळ्यांनी तुझ्याविषयी सांगितलं. माईक माझ्यापुढं आला. मी म्हणाले, "चांगली बाई होती," आणि माईक पुढं दिला. लोकांना वाटलं, म्हातारीला दुःख आवरत नाही. दुःख आवरत होतं. दुसरंच काही तोंडातून बाहेर येत नव्हतं.

परवा ग्रामसभा झाली. पहिला विषय तुझा, शोकप्रस्ताव. ग्रामसेवक वही घेऊन बसला आणि म्हणाला, "यांच्या नावापुढं काय लिहू? माजी सरपंच नाहीत. सदस्यही नव्हत्या. बचतगटात काही पद होतं का?"

कुणी म्हणालं, समाजसेविका लिहा. कुणी म्हणालं, नामदेवरावांची पत्नी लिहा. ग्रामसेवक पेन धरून थांबला होता. त्या पाण्याची पाटी ज्या बाईमुळं लागली, तिला काय म्हणावं हे अख्ख्या पटांगणाला सुचत नव्हतं. माया खुर्चीत मान खाली घालून बसली होती.

मी उठले. म्हणाले, "लिहा, सरपंच झाली असती. गयाबाईनं लिहून देल्लं म्हून झाली नाही. वरवटचा कागद गयाबाईपाशी होता, तो तिनं काढला नाही."

कुणी खोकलं. मागून कुणी म्हणालं, "आजी, बसा, चक्कर येईन." ज्या माणसानं छाननीत हरकत घेतली होती तो तिथंच होता, तो जमिनीकडं पाहू लागला. ग्रामसेवक हळू आवाजात म्हणाला, "आजी, शोकप्रस्तावात असं लिहीत नसतात."

"मंग कशात लिहितात?"

त्यानं 'सामाजिक कार्यकर्त्या' लिहिलं, दोन मिनिटं सगळे उभे राहिले, आणि पुढचा विषय निघाला, रस्त्यावरच्या दिव्यांचा.

घरी आल्यावर माया सरळ आत गेली. मला वाटलं, तिचीही अब्रू गेली म्हणून रागावली असेल. तिनं तांब्या भरून आणला, माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "आत्या, हे मले आधीपासून माहीत होतं. काकूनंच सांगतलं होतं, पहिल्या वर्षी."

"काय म्हणे थे?"

"म्हणे, तुह्या सासूनं केलं थे केलं. तू त्याची लाज वागवू नको, नाहीतं सही करताना हात थरथरंन." मग ती म्हणाली, "तुमी लिहून द्या. ठरावात नाही जात तं विहारात मी वाचतो."

म्हणजे माझी लाज तू माझ्या सुनेपर्यंतही पोचू दिली नाहीस. तेवढी माझ्या एकटीकडं राहू दिलीस. ते बरोबर केलंस. ती माझीच होती.

आता लिहून झालं. माफी मागत नाही, ती द्यायला तू नाहीस आणि तुझ्या वतीनं दुसऱ्या कुणाला ती देता येत नाही. जे झालं ते झालं तसं लिहिलं आहे, खाली नाव घालते आहे. सरपंच व्हायची ती शेवंता छप्पन्नाव्या वर्षी, कसलंही पद नसताना गेली. तिला अडवणारी गयाबाई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि जिवंत आहे.